आधी सरळ, मग खाली: बडोद्याच्या रस्त्यांवर जुनी जपानी गाडी

दांडिया बाजारातून लकडी पुलाकडे जाताना लागणाऱ्या गतिरोधकावरून माझी एस्टीम गेली की पुढच्या डाव्या चाकातून ‘टक्’ असा आवाज यायचा. एकच, अडकित्त्यात सुपारी फुटल्यासारखा. आमचे गॅरेजवाले चाचा खिडकीतून डोकं घालून ऐकायचे आणि म्हणायचे, “साहेब, आ तो चालशे.” ती चालायचीही. दोन वर्षं चालली. मग एका पावसाळ्यात ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायला लागली, आणि तो ‘टक्’ काय सांगत होता ते मला उशिरा कळलं. लोअर आर्म म्हणजे चाकाला चेसिसशी धरणारा खालचा लोखंडी हात. त्याच्या मुळाशी असलेला रबरी बुश फाटला होता. ब्रेक मारला की ते चाक बोटभर मागे सरकायचं, म्हणजे गाडी स्वतःच थोडं स्टेअरिंग फिरवून घ्यायची.

गाडी २००३ची आहे. नाव मारुतीचं, पण हाडं सुझुकी कल्टसची. आपल्याकडे एस्टीम १९९४ साली आली आणि २००७पर्यंत बनत राहिली. तिच्याच पिढीत पहिली होंडा सिटी आणि मित्सुबिशी लान्सर (दोन्ही १९९८), सुझुकी बलेनो (१९९९) आणि टोयोटा क्वालिस (२०००). या गाड्या आता पोरांच्या हातात येताहेत. आजोबांची गाडी, कमी चाललेली, इंजिन अजून शिलाई मशीनसारखं. पोरगा पहिला प्रश्न विचारतो, “काका, गाडी जमिनीकडे किती खाली करता येईल?” मी म्हणतो, आधी ती सरळ कर. वीस वर्षांच्या गाडीत रबराचा प्रत्येक तुकडा दगड झालेला असतो किंवा लोणी. त्याच्यावर नवी स्प्रिंग बसवली तर नव्या स्प्रिंगचे पैसे जुन्या बुशमधून गळून जातात.

पहिली दुपार: फक्त मोजायचं

पाना हातात घ्यायचा नाही. एक मोजपट्टी, एक वही, एक लोहचुंबक, एक टॉर्च आणि गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या. नळी अशासाठी की सोसायटीच्या पार्किंगला हमखास उतार असतो आणि डोळ्याला तो दिसत नाही. चारही चाकांखालची जमीन एका पातळीत आहे का, हे नळीच्या दोन टोकांतलं पाणी लगेच सांगतं. जागा मिळाली की टायरची हवा सारखी करा, गाडी दोन-चार फूट मागेपुढे ढकला म्हणजे ती मोकळी बसेल, आणि चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या काठापर्यंत सरळ उभं अंतर मोजा. टायरपासून मोजू नका. टायर झिजतो, मध्य झिजत नाही.

माझ्या वहीतला आकडा: पुढे डावी ३५२ मिमी, उजवी ३५०. मागे उजवी ३५०, डावी ३३८. मागे डावीकडे बारा मिलिमीटर कमी. कारण डिकीत होतं. आधीच्या मालकाने सीएनजी किट बसवलं होतं आणि सिलिंडर थोडा डावीकडे सरकवून बसवला होता. लोखंडी सिलिंडर म्हणजे डिकीत एक माणूस कायमचा झोपवलेला. गुजरातेत निम्म्या जुन्या गाड्यांची हीच कथा आहे. तेव्हा मागची गाडी बसलेली दिसली तर स्प्रिंगला शिव्या देण्याआधी डिकी उघडा.

मग गंज. चुंबक दारांच्या खालच्या कडेवर, चाकांच्या कमानीवर आणि बॉनेट उघडून शॉकअपच्या (धक्के शोषणाऱ्या नळीच्या) वरच्या टोपीभोवती फिरवा. चिकटत नसेल तर तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली आहे. दारावर लांबी असली तर फक्त सौंदर्याचा प्रश्न. शॉकअपची टोपी, लोअर आर्म जिथे चेसिसला धरतो ती जागा आणि मागच्या आर्मच्या मुळाशी असली तर काम तिथेच थांबवा आणि पत्रेवाल्याकडे जा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा: चांगला पत्रा टणटण वाजतो, कुजलेला थपथप.

बडोद्यात आणखी एक तपासणी लागते. ऑगस्ट २०२४ अखेरीस विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, मगरी लोकांच्या अंगणापर्यंत आल्या, आणि पार्किंगमधल्या कितीतरी गाड्या खिडकीपर्यंत बुडाल्या. त्यातल्या काही धुऊनपुसून अजून विकल्या जातात. जुनी गाडी घेत असाल तर सीटबेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत ओढून काढा. धुणारा माणूस सगळं धुतो, पण गुंडाळीच्या आतला पट्टा विसरतो. त्यावर चिखलाची रेघ असली तर भाव करायचीही गरज नाही. सीटच्या रुळांवरचा गंज आणि गालिच्याखालचा मऊ गाळ हे दुसरे साक्षीदार.

दुसरी दुपार: कान

खिडक्या खाली, रेडिओ बंद, शेजारी बसणारा गप्प. आधी गल्लीतून, मग एका मोठ्या रस्त्यावरून चालवा. स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू जाताना ‘कट्-कट्-कट्’ येत असेल तर चाकाकडचा, एक्सलच्या बाहेरच्या टोकाचा जॉइंट गेला. उभ्या गाडीचं स्टेअरिंग फिरवताना ‘करकर’ होऊन स्प्रिंग उसळी मारत असेल तर शॉकअपच्या वरचं बेअरिंग. बारीक खड्ड्यांवर खडखड आणि मोठ्या खड्ड्यावर शांत, तर स्टॅबिलायझरची (वळणावर डोल आवरणाऱ्या आडव्या दांडीची) लिंक किंवा त्याचे बुश. वेगाबरोबर वाढणारं ‘गूंऽऽ’ वळणावर बदलत असेल तर व्हील बेअरिंग. बहुतेक वेळा डावीकडे वळताना वाढलं तर उजवं, कारण वजन तिकडे जातं. पावसात गप्प होणारी चूंचूं म्हणजे कोरडं रबर, घाई नाही. ‘धप्प’ म्हणजे शॉकअपचा जीव गेलाय आणि गाडी थेट बंपस्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी अडसरावर, आपटतेय.

बॉनेट दाबून ‘किती वेळा हलते’ बघायची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. तीत मेलेला शॉकअप सापडतो, आजारी सापडत नाही. त्यापेक्षा टायरच्या अंगावरून हात फिरवा. लाटा लागल्या, कुठे उंच कुठे खोल, तर चाक रस्त्यावर नाचत आलंय.

बुश: इथे घाई करू नका

सगळ्यात कमी दिसणारं आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारं काम हेच. यादी साधारण अशी: लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा गोळा), टायरॉड एंड (स्टेअरिंगच्या दांडीचं चाकाकडचं टोक), स्टॅबिलायझरचे बुश आणि लिंक, शॉकअपचे वरचे माउंट, मागच्या आर्मचे बुश, इंजिन माउंट. एकदम सगळं केलं तर मजुरी आणि अलाइनमेंट एकदाच. पैसे तुटपुंजे असतील तर लोअर आर्म आणि बॉल जॉइंट आधी. बॉल जॉइंट निखळला तर चाक गाडीखाली दुमडतं, त्यात ‘चालशे’ चालत नाही.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करा. मग जॅक लावा, आणि जॅकवर विसंबू नका. खाली घोडी (जॅक स्टँड) द्या, मागच्या चाकांना लाकडाच्या पाचरी. विटा अजिबात नाहीत. वीट तडा जाताना इशारा देत नाही. आदल्या रात्री सगळ्या बोल्टांना गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. बॉल जॉइंट सोडवताना हातोडा त्याच्या आट्यांवर मारू नका, ज्या लोखंडी डोळ्यात तो बसतो त्या डोळ्याच्या बाजूवर मारा. दोन नेमके घाव पुरतात.

आर्म हातात आला की आधी खडूने किंवा रंगाने खूण करा: जुन्या बुशच्या रबरातल्या पोकळ्या कोणत्या दिशेला होत्या. नवा बुश त्याच दिशेला बसला पाहिजे, कारण कंपनीने तो एका दिशेला मऊ आणि दुसऱ्या दिशेला कडक ठेवलेला असतो. बुश बसवायला मकरपुरा जीआयडीसीत कुठल्याही लेथवाल्याकडे हायड्रॉलिक प्रेस असतो. दहा मिनिटांचं काम आहे. घरी व्हाइसमध्ये धरून हातोड्याने ठोकला तर बाहेरची लोखंडी बांगडी वाकते आणि नवा बुश पहिल्या दिवशीच जुना होतो.

आता माझी चूक. मी आर्म बसवला, गाडी हवेत असतानाच सगळे बोल्ट ताकदीने आवळले, चाक लावलं, खाली उतरवलं. सहा महिन्यांत दोन्ही बुश फाटले. चाचांना मी दुकानदाराच्या मालाबद्दल तक्रार करत होतो. ते हसले आणि बोटांनी टॉवेल पिळल्यासारखं करून दाखवलं. बुशचं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं, ते फिरत नाही, पिळतं. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला की तीच स्थिती रबराची आराम-स्थिती ठरते. गाडी जमिनीवर आली की रबर कायम पिळलेलं राहतं, आणि प्रत्येक खड्ड्यावर आणखी पिळतं. म्हणून शेवटचा ताण गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच द्यायचा. चाकांखाली जाड फळ्या टाकून गाडी उंच करा आणि खाली शिरा. किंवा लोअर आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली जॅक लावून, गाडी घोडीवरून नुकती उचलली जाईल इतकं वजन त्यावर येऊ द्या आणि मग आवळा. किती ताकद लावायची तो आकडा गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात असतो. टॉर्क पाना भाड्याने मिळतो.

पॉलीयुरेथेनचे रंगीत बुश आता सहज मिळतात. स्टॅबिलायझरला लावा, फरक जाणवतो. लोअर आर्मला मी लावत नाही. वाघोडिया रोडचा प्रत्येक खडा दातात येतो.

शॉकअप आणि स्प्रिंग

शॉकअप जोडीने बदला, पुढचे दोन किंवा मागचे दोन. सोबत बंपस्टॉप, धुळीची टोपी आणि वरचं माउंट नवं घ्या. त्यावर वाचवलेले तीनशे रुपये पुन्हा अख्खी मजुरी द्यायला लावतात. नकली मालाचा सुळसुळाट आहे. मी एकदा ‘ओरिजिनल’ खोक्यातला शॉकअप आणला, तो आठवड्यात घामेजला, म्हणजे तेल पाझरू लागलं. दुकानदार ओळखीचा होता, तेच जास्त लागलं. तेव्हापासून खोक्याऐवजी हात बघतो: दांडा दाबताना आणि ओढताना सलग, सारखा विरोध लागला पाहिजे, मध्येच पोकळ नाही. नवा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबा-ओढा. आडवा पडून आत अडकलेली हवा जागेवर जाते.

एक गोष्ट मी कुणालाच घरी करू देत नाही. शॉकअपच्या वरचा मधला नट सोडणं. स्प्रिंग कंप्रेसर लावून स्प्रिंग माउंटपासून मोकळी झाल्याशिवाय त्या नटाला पाना लावायचा नाही. आत दबलेली ताकद माणसाचा जबडा तोडते. दोरी बांधून, मित्राला वर बसवून वगैरे युक्त्या ऐकल्या असतील, त्या ऐकूनच सोडा.

मागे सीएनजीचं वजन असेल तर बाजारात स्प्रिंगच्या वेढ्यांत अडकवायचे रबरी ठोकळे मिळतात. ते गाडी उचलतात खरं, पण ते वेढे कामातून बाद करतात आणि सगळा भार बाकीच्या वेढ्यांवर टाकतात. थोडी जाड तारेची स्प्रिंग हा सरळ मार्ग. तारेच्या जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो, म्हणून कडकी वाढवायला जाडी किंचित वाढली तरी पुरते.

आता खाली करण्याबद्दल

स्प्रिंग कापू नका. पण ‘कापू नका’ म्हटलं की पोरं कापतात, म्हणून कारण सांगतो. स्प्रिंगची कडकी तिच्या काम करणाऱ्या वेढ्यांच्या उलट प्रमाणात असते. सहातला एक वेढा काढला तर उरलेली पाच वेढ्यांची स्प्रिंग वीस टक्के कडक होते. शॉकअप मात्र जुन्याच हिशोबाचा, तो तिला आवरू शकत नाही आणि गाडी चेंडूसारखी उसळते. कापलेलं टोक खालच्या बशीत नीट बसत नाही. चाक पूर्ण लोंबकळलं, म्हणजे मोठ्या खड्ड्यात किंवा जॅकवर, तर स्प्रिंग सैल होऊन जागेवरून सरकू शकते. आणि गॅसच्या ज्योतीने कापली किंवा तापवून बसवली असेल तर तिथलं पोलाद मऊ पडलेलंच समजा.

गाडीला मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेला उभा खांब) असेल, आणि या पिढीत पुढे बहुतेक तोच, तर आणखी एक भानगड आहे. मूळ उंचीला लोअर आर्म जवळजवळ आडवा असतो. गाडी खाली आली की आर्मचं बाहेरचं टोक वर जातं, गाडीचा डोलण्याचा मध्य आणखी खाली सरकतो, आणि गंमत अशी की वळणावर डोल कमी होण्याऐवजी वाढू शकते. टायरॉडचा कोनही बिघडतो, मग खड्ड्यावर स्टेअरिंग आपोआप हलतं. पंचवीस-तीस मिलिमीटरपर्यंत हे सुसह्य आहे. साठला गाडी फक्त फोटोत चांगली दिसते.

त्यात आपले गतिरोधक. समजा मूळ गाडीला बंपस्टॉपपर्यंत ७० मिमी वाव आहे. ३० खाली केल्यावर ४० उरला. त्यात चार माणसं आणि सिलिंडर. फतेपुऱ्याच्या गल्लीतला घरगुती डांबरी उंचवटा लागला की हिशोब संपला. पहिल्या पिढीच्या होंडा सिटीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. ती तर कंपनीतूनच पोट घासत आली होती.

करायचंच असेल तर त्या मॉडेलसाठी बनवलेली लोअरिंग स्प्रिंग, तिच्या जोडीचा कडक शॉकअप आणि आखूड बंपस्टॉप, तिन्ही एकत्र. जिप्सीवाल्यांचा प्रश्न उलटा असतो, त्यांना वर जायचं असतं. त्यांच्या पाट्यांच्या स्प्रिंगबद्दल एवढंच की उंच करण्याआधी शॅकलचे (पाट्यांचं टोक चेसिसला टांगणाऱ्या कडीचे) बुश आणि पाट्यांच्या मधला गंज बघा.

टायर आणि अलाइनमेंट

एस्टीमचा १७५/७० आर१३ टायर ५७५ मिमी उंच. १८५/६० आर१४ घेतला तर ५७८ मिमी, अर्ध्या टक्क्याहून कमी फरक, स्पीडोमीटर खरं बोलतो. १८५/६५ आर१४ मात्र ५९६ मिमी, साडेतीन टक्के जास्त, आणि पूर्ण वळणावर तो मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला घासायला लागेल. हिशोब सोपा: रुंदी गुणिले टक्केवारी, ते दुप्पट, अधिक रिमचे इंच गुणिले २५.४. रिम घेताना पीसीडी (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास), ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसते) आणि मधलं भोक हे तिन्ही जुळवा. भोक मोठं असेल तर मधली रिंग हवी, नाहीतर ८० वर स्टेअरिंग थरथरतं आणि तुम्ही बॅलन्सिंगवाल्याला दोष देत बसता.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. ३५१९ म्हणजे २०१९चा पस्तिसावा आठवडा. जुन्या गाड्या कमी चालतात, म्हणून नक्षी शाबूत आणि टायर मेलेला, हे नेहमीचं. बडोद्याच्या मे महिन्यात उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीच्या टायरला बाजूने बारीक भेगा पडतात. नक्षीची कायदेशीर मर्यादा १.६ मिमी आहे, पण भेगा दिसल्या की मी नक्षी बघत नाही.

अलाइनमेंट सगळ्या कामांनंतर, आठवडाभर चालवून, नव्या स्प्रिंग बसल्यावर. छापील कागद मागा, आधीचा आणि नंतरचा. बहुतेक जुन्या गाड्यांत पुढचा फक्त टो (वरून बघताना चाकं किती आत-बाहेर वळलेली) फिरवता येतो. कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा कल) लाल रंगात आला आणि ऑपरेटर म्हणाला, “ए तो एवुंज रहेशे,” म्हणजे ते तसंच राहणार, तर समजा की काहीतरी वाकलंय किंवा गाडी जास्त खाली गेली आहे.

थांबणं

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं. कोरडं डॉट-४ (हा ब्रेक ऑइलचा दर्जा) किमान २३० अंशांना उकळतं, पाणी प्यालेल्याची मर्यादा १५५. पावागडाच्या उतारावर माची ते चांपानेर सतत ब्रेक धरून आलात तर हा फरक पायाखाली कळतो. दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. रबरी नळ्या वाकवून भेगा बघा, मागच्या ड्रमच्या सिलिंडरवरची टोपी उचलून ओल बघा.

पेट्रोलच्या नळ्याही याच यादीत घाला. पंपावर आता इथेनॉलमिश्रित ई२० आहे, आणि वीस वर्षांपूर्वीची रबरी नळी त्यासाठी बनलेली नव्हती. नवी, इथेनॉल चालणारी नळी घ्या. कार्ब्युरेटर असेल तर त्याचं गॅस्केट किटही.

दरजीपुऱ्याची वारी

दरजीपुऱ्याला बडोद्याचं आरटीओ आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, फॉर्म २५, मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत अर्ज. ऑगस्ट २०२५पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला फी १०,००० रुपये आहे, म्हणून विसाव्या वाढदिवसाच्या आधी गाडी खरंच ठेवायची का ते ठरवा. तपासणीत दिवे, हॉर्न, ब्रेक, टायर, काचा आणि सायलेन्सर बघतात. पीयूसी या पिढीच्या गाड्यांना सहा महिन्यांची. सीएनजी असेल तर आरसीत नोंद आणि सिलिंडरची तीन वर्षांची चाचणी, दोन्ही कागद बरोबर ठेवा.

बदलांबद्दल कायदा स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी गाडी करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटलं. कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. इंजिन, चेसिस, रंग, इंधन यांना हात लावायचा तर आधी परवानगी. रिम, स्प्रिंग बदललीत तर विमा कंपनीला लेखी कळवा. क्लेमच्या वेळी सर्व्हेअरला ते सापडण्यापेक्षा बरं.

व्हिंटेजची आशा सोडा. जानेवारी २०२३मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या हिरवळीवर देशभरातल्या जुन्या गाड्या आल्या होत्या. मी एस्टीम बाहेर लावून आत गेलो. २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीला पन्नास वर्षं लागतात. माझी गाडी २०५३मध्ये पात्र होईल.

सगळं झाल्यावर हालोलमार्गे पावागडाच्या पायथ्यापर्यंत, जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर. वाटेत एकदा थांबून हाताने चारही रिमचं तापमान बघा. एक बाकीच्यांपेक्षा फार गरम असेल तर तो ब्रेक अडकतोय. परतल्यावर चाकांचे नट पुन्हा आवळा. पाचशे किलोमीटरनंतर बुशचे बोल्ट तपासा, आणि त्याच जागेवर, तीच नळी लावून उंची पुन्हा मोजा. माझी पुढे चार मिलिमीटर बसली होती, मागे दोन, डावी-उजवी आता सारखी. लकडी पुलाजवळचा ‘टक्’ गेला. तो गेल्यावर ऐकू आलं की डॅशबोर्डच्या मागे, उजवीकडे, थंडीत फक्त, एक बारीक चूं आहे. वहीत पेन्सिलीने लिहून ठेवलंय.